तिसऱ्या मजल्यावरचं खमीर

अहमदी,
११ जानेवारी २००४

रहिमा,

आधी 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं. मग वाटलं, 'सप्रेम' वाचून तू हसशील, आणि मी समोर नसताना कोणी हसलेलं मला सोसत नाही. म्हणून खोडलं. नुसतं नाव ठेवलं.

पत्ता कासमने दिला. त्याच्यासाठी मी परवा मुद्दाम फहाहीलला त्याच्या दुकानात गेले. त्याने मला गल्ल्यापुढे उभं ठेवलं, माझ्यामागून आलेल्या तिघांना आधी सामान दिलं, आणि मग सिगरेटच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहून दिलं: रहिमा अकबर परकार, बंदर मोहल्ला, हर्णै. मी विचारलं, "पोचेल ना?" तर म्हणाला, "पत्र पोचंल, बाय. पुडचा मी न्हाय सांगू शकत."

काम असं आहे. आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षं होतात. स्मरणिका काढायची आहे. 'पालवी'च्या जुन्या अंकांतला निवडक मजकूर घ्यायचा, आणि त्यात माझ्या 'तिखटमीठ' सदरातला एक लेख. कोणता, ते सगळ्यांनी मिळून ठरवलं. मंडळाच्या इतिहासात दोनच गोष्टी एकमताने मंजूर झाल्या आहेत: सहलीला जेवणात श्रीखंड, आणि हा लेख. तुझ्या लक्षात आलंच असेल. 'खमीर'.

तर तुझी परवानगी हवी. खरं म्हणजे कायद्याने नको आहे. लेखात तुझं नाव नाही, तेव्हाही नव्हतं. 'शिंप्याच्या दुकानावरचा तिसरा मजला' एवढंच होतं, आणि फहाहीलमध्ये शिंप्यांना काय तोटा. (मराठी कुटुंब त्यातल्या एकाच शिंप्याच्या डोक्यावर राहत होतं, हे कबूल.)

झालं ते वाईट झालं. पण माझी बाजू तू कधी ऐकून घेतली नाहीस. लेख लिहिताना माझ्यापुढे फक्त कासमची यादी होती. मंडळाच्या कूपनावर तिसऱ्या मजल्याने नेलेल्या वस्तू: साखर चार किलो, खमिराची सहा पाकिटं, द्राक्षाचा रस दोन बाटल्या. ज्या आखाती देशात दारू मिळत नाही, तिथे ह्या तीन वस्तू एका पिशवीत दिसल्या की शेंबड्या पोरालाही कळतं, काय मुरत घातलंय ते. मी विनोद करते, चौकशी करत नाही; ते खातं वेगळं.

आणि तू दारात उभी राहून मागितलेली ती दोन ओळींची चिठ्ठी. तो विषय मी समितीपुढे ठेवला होता. समिती नाही म्हणाली. मी एकटी काय करणार होते?

अकबरभाईंना सलाम सांग. फरहत आता अठराची होईल. कॉलेजात जाते का?

उत्तरात 'हरकत नाही' एवढे दोन शब्द पुरेत.

लीना

•

अहमदी,
२६ फेब्रुवारी २००४

रहिमा,

दोन शब्दही आले नाहीत. ठीक आहे. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या बाईला दोन शब्द लिहिता येत नाहीत असं नाही, तेव्हा हेच उत्तर समजायचं. पण मला उत्तर मिळालं की पुढे बोलायची खोड आहे.

तुला एक गोष्ट कधी कळलीच नाही. त्या शुक्रवारची मीटिंग. ती तुला सांगायची राहून गेली आहे.

अकबरभाईंच्या कंपनीचा मालक गाशा गुंडाळून गेला, साडेतीनशे माणसं पगाराविना बसली, तेव्हा मंडळाने कासमच्या दुकानातल्या सामानाची कूपनं काढली, हे तुला ठाऊक. यादीत तुमचं नाव मीच घातलं. अठरा वर्षं कंपनीचं स्टोअर सांभाळणारा माणूस हात पसरायला येणार नाही, म्हणून न विचारता घातलं. त्याचा मला त्या काळी फार अभिमान होता. दोन महिने तो मी सगळ्यांना दाखवत फिरले.

पहिल्या महिन्यात सगळ्यांचे डोळे पाणावलेले होते. दुसऱ्या महिन्यात पुसले. तिसऱ्या महिन्यात चष्मे आले. कासमला सांगण्यात आलं, कोण काय नेतं ते दर गुरुवारी लिहून द्यायचं. तो नको म्हणत होता. "दिलेला घास मोजू नये, बाय," असं म्हणाला. मी म्हटलं, "मोजत नाही हो, नुसतं बघतो." मग मीटिंग आमच्याकडे. माझ्या हॉलमध्ये, माझे बटाटेवडे खाऊन.

जयरामभाऊ अध्यक्षस्थानी. तुला आठवत असतील. देवरुखचे, पांढऱ्या मिश्या, तू त्यांच्या बायकोला दोन ब्लाऊज शिवून दिले होतेस आणि तिने ते 'जरा सैल झाले' म्हणून निम्मेच पैसे दिले होते. त्यांनी यादी वाचायला घेतली.

"कोणीतरी पापलेट घेतलंय. फुकटच्या कूपनावर पापलेट. मी स्वतः पापलेट खात नाही हो. मी बांगडा खातो."

"कोणीतरी कॉफी."

"चहा चालेल," रुमैथियाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कॉफी नको."

"का?"

"कॉफी म्हणजे चैन. चहा ही गरज."

मग 'चालेल' आणि 'नको' अशी दोन रकान्यांची यादी केली. माझं अक्षर चांगलं म्हणून मी लिहिली. तांदूळ चालेल, बासमती नको. खोबरेल चालेल, शाम्पू नको. एका माणसाने केसांचा कलप घेतला होता, त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली. पगार थकलेल्या माणसाने केस काळे का करावेत? मुकेश पेपराआडून म्हणाला, "दुसरी नोकरी बघायला गेला असेल." कोणी ऐकलं नाही. माझा नवरा लग्नानंतर दोन-चारदाच शहाण्यासारखं बोलला आहे आणि दरवेळी मी वडे तळत होते.

आम्ही बसलो होतो ते घर कंपनीचं. वीज कंपनीची, एसी रात्रंदिवस चालू, अंगणातली हिरवळ कंपनीच्या पाण्यावर. मुलाची फी कंपनीची, दरवर्षी मुंबईचं तिकीट कंपनीचं. ताटातली खुबूस रोटी इथल्या सरकारच्या सवलतीतली, गाडीतलं पेट्रोलही. पंचवीस वर्षांत आमच्यापैकी कोणी कुठल्याच गोष्टीची पुरती किंमत दिलेली नाही. आम्हालाही कूपन होतं, रहिमा. आमच्या कूपनाला अलाऊन्स म्हणायचे, आणि त्यावर पापलेट चालायचं.

शेवटी तुमचं नाव आलं. साखर, खमीर, द्राक्षाचा रस. जयरामभाऊंनी यादी खाली ठेवली. म्हणाले, "झालं. आता मंडळाच्या पैशाने हातभट्टी."

मी म्हटलं, "सांदणासाठी घेतलं असेल खमीर."

हे मी म्हटलं होतं, रहिमा. हे कोणी तुला सांगितलं नसेल.

जयरामभाऊ हसले. "लीनाताई, तुम्ही पुण्याच्या. सांदण मला शिकवू नका. मी कोकणात जन्मलोय. सांदणाला तांदळाचा रवा लागतो आणि फणसाचा रस. माझ्या आईच्या सांदणाने उभ्या जन्मात खमीर पाहिलं नाही. कोणी तुम्हाला खमिराचं सांदण सांगितलं असेल, तर ती धडधडीत थाप आहे."

सगळे कोकणातले त्यांच्याकडे बघून माना डोलवत होते. एकाच किनाऱ्यावरची माणसं. एका गावची सांदणं फणसाने फुगतात आणि वाडी ओलांडली की माडीने, आणि शेकडो वर्षांत कोणी कोणाच्या चुलीपर्यंत गेलं नाही. मीटिंगमध्ये तुमच्यातलं कोणी असतं, तर एका वाक्यात मिटलं असतं. पण कूपन घेणारे समितीवर नसतात. समिती देणाऱ्यांची असते.

मी ताट पुन्हा फिरवायला उठले. वडे गार होत होते.

लीना

ता. क. द्राक्षाचा रस फरहतच्या सोळाव्या वाढदिवसाचा होता, हे कासमने नंतर सांगितलं. तो 'नको'च्या रकान्यात गेला.

•

अहमदी,
९ मे २००४

रहिमा,

मागच्या पत्रात एक वाक्य मी फार तोऱ्यात लिहिलंय: 'हे मी म्हटलं होतं.' पत्र पेटीत टाकून आल्यावर मला ते टोचत राहिलं. कारण ज्या बाईने शुक्रवारी 'सांदणासाठी' म्हटलं, तिला रविवारी लेख लिहिताना काही माहीत नव्हतं असं कसं होईल? हा प्रश्न तुला पडलाच असेल. फरहतला तर दोन वर्षांपूर्वीच पडला होता.

तेव्हा आता वेगळं लिहिते.

पहिल्या पत्रात म्हटलं की माझ्यापुढे फक्त यादी होती. माझ्यापुढे यादी होती आणि डबा होता.

संक्रांतीला मी तुला गुळपोळ्या पाठवल्या होत्या, माझ्या स्टीलच्या डब्यातून. झाकणावर 'सौ. लीना मु. प्रभुदेसाई' कोरलेला. तो तुझ्याकडेच राहिला. मी दोनदा फोनवर विसरल्यासारखं विचारलं, तू "देते, बाय, देते" म्हणालीस. मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तू बसने अहमदीला आलीस. पदराआड डबा. उघडला तर गच्च सांदणं, वेलचीचा वास, खाली नारळाच्या दुधाची बाटली.

मी म्हटलं, "अगं, ह्या दिवसांत कशाला हे?"

तू म्हणालीस, "रिकामा डबा कसा परत देऊ, बाय? आमच्यात न्हाय देत."

"आमच्यातही नाही देत. पण वेळप्रसंग बघायचा."

"काय नसला घरात तं साकरेची चिमूट तरी घालावी. रिकामा भांडा परत दिला का संबंद तुटतो." मग हसून म्हणालीस, "दोन महिने वाट बघितली. कूपनात खमीर देतात का न्हाय, कासमला विचारायची लाज वाटत होती."

म्हणजे ती साखर माझ्यासाठी होती. ती सहा पाकिटं माझ्यासाठी होती. गुळपोळ्यांची परतफेड करायला तू माझ्याच मंडळाच्या कूपनावर खमीर घेतलंस. आणि खमीर सांदणात काय करतं हे मला मीटिंगच्या आधी सहा वर्षं ठाऊक होतं. तूच तुझ्या स्वयंपाकघरात शिकवलं होतंस: "तुमचा सांदान फनसाचा, आमचा माडीचा. हितं माडी कुठली मिळायची? मग खमीर. फुगला पायजे, बस."

रविवारी सकाळी मी सदर लिहायला बसले. पाडव्याच्या अंकाला विषय नव्हता. डबा टेबलावर उघडा होता. दोन सांदणं खाऊन झाली होती, तिसरं हातात होतं, तेव्हा ती ओळ सुचली. तुला पाठ असेल, मलाही आहे: 'फहाहीलमध्ये, शिंप्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर, गरिबी सध्या फसफसते आहे.'

त्या वर्षात एवढी चांगली ओळ मला सुचली नव्हती. कागदाला बोटांचा चिकट डाग पडला, म्हणून मी तो कागद बदलला. ओळ बदलली नाही.

मला वाटलं, कोण वाचतं 'पालवी'? दोनशे प्रती. सगळ्यांनी वाचली. झेरॉक्स झाल्या. रुमैथियाच्या बाईंचा फोन आला, म्हणाल्या, हसून हसून पोट दुखलं. तुमची कूपनं थांबली. आणि एक झेरॉक्स तुमच्या कंपनीच्या मंदूबच्या हाती पडली. जन्मभर सरकारी कचेऱ्यांतून दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारून आणणारा तो माणूस. मालक पळाल्यावर उरलेली माणसं कमीत कमी खर्चात वाटेला लावायचं काम त्याच्याकडे होतं. कोणाकडून तरी त्याने लेख वाचून घेतला. मग अकबरभाईंना म्हणाला, सगळा हिशेब मिळाला म्हणून सही कर आणि घरी जा. नाहीतर हा कागद घेऊन मी पोलिसात जातो. इथे दारूचं नाव लागलं की काय होतं, ते सांगायला नको.

तेव्हा तू परत आलीस. ह्या वेळी हातात काही नव्हतं. दारातच उभी राहिलीस, आत ये म्हटलं तरी आली नाहीस.

"बाय, एक चिट्टी लिवून द्या. मंडळाच्या कागदावर. खमीर सांदनाचा होता म्हनून. दोनच वळी. शिक्का असला का मंदूब गप बसंल."

मी म्हटलं, "समितीला विचारावं लागेल, रहिमा."

तू म्हणालीस, "तुमी खाल्लाव ना, बाय. समितीन कुठं खाल्लान."

समितीला मी विचारलंच नाही. पहिल्या पत्रातलं ते खोटं होतं. विषय ठेवला नाही, फोन केला नाही. चिटणीस मीच, मंडळाचा लेटरपॅड आणि शिक्का माझ्या टेबलाच्या वरच्या खणात होते, तू उभी होतीस तिथून सहा पावलांवर. पण ती चिठ्ठी लिहायची म्हणजे माझा लेख खोटा होता असं माझ्याच अक्षरात लिहून त्यावर शिक्का मारायचा. पंधरा वर्षं लिहीत होते, रहिमा, आणि पहिल्यांदाच लोक फोन करत होते.

अकबरभाईंनी सही केली. अठरा वर्षांचं जे काही निघायचं होतं ते त्या सहीखाली गेलं. फरहतचा दहावीचा निकाल लागायच्या आत तुम्ही गेलात.

जायच्या आदल्या दिवशी फरहत मंडळाच्या वाचनालयाची पुस्तकं परत द्यायला आली होती. तिघांची कार्डं, पाच पुस्तकं, एकाचंही कव्हर फाटलेलं नाही. पुस्तकं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "यू न्यू, आंटी."

मी म्हटलं, "काय गं, बाळा?"

"नथिंग," म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

दोन ओळी तेव्हा लिहायच्या होत्या. त्या लिहिल्या नाहीत, म्हणून आता पानंच्या पानं लिहितेय. ह्याला मी व्यवसाय म्हणत आले.

परवानगीचं राहू दे. लेख मी मागे घेते. जयरामभाऊंना तसं सांगते.

लीना

•

अहमदी,
१८ डिसेंबर २००४

रहिमा,

स्मरणिका निघाली. आर्ट पेपर, चार रंगांचं मुखपृष्ठ, मागच्या पानावर सोन्याच्या दुकानाची जाहिरात. पान एकेचाळीसवर 'खमीर' आहे.

मी जयरामभाऊंना सांगितलं होतं. खरोखर सांगितलं, हे खोटं नाही. लेख काढा म्हटलं. ते म्हणाले, "त्या बाईंची परवानगी मागितलीत ना? उत्तर आलं का? नाही ना? मौन म्हणजे संमती."

मी म्हटलं, "मग निदान खाली एक टीप छापा. सांदणं दोन प्रकारची असतात, आणि त्यातल्या एकात खमीर घालतात."

"लीनाताई," ते म्हणाले, "स्मरणिकेला शुद्धिपत्र असतं, पण ते छपाईच्या चुकांचं. आणि तुम्ही अजून तेच धरून बसलात? खमिराचं सांदण म्हणे. माझी आई वारली, नाहीतर तिला विचारलं असतं."

"अहो, मी खाल्लंय."

"मग," ते हसायला लागले, "नशीब समजा, पोलिसांनी तुम्हाला नाही धरलं."

इथवर लिहून थांबले तर मी बरी दिसते. मागची तीन पत्रं मी अशाच जागी थांबत आले आहे. तर पुढचं.

पंधरा दिवसांनी छापखान्यातून प्रुफं आली. सगळा गठ्ठा माझ्याकडेच, कारण शुद्धलेखन मला येतं. पान एकेचाळीस समोर आलं. ते फाडता आलं असतं. दुसरा लेख त्या जागी घालता आला असता. जयरामभाऊंना कळायच्या आत अंक बांधून झाला असता. मी लेख वाचला. दोन वर्षांनी वाचला आणि रहिमा, तो चांगला आहे. मी एका जागी हसलेसुद्धा. मथळ्यात जुळाऱ्याने 'खमिर' केलं होतं, मि ऱ्हस्व. मी लाल पेनाने तो दीर्घ केला, समासात सही केली आणि पान परत पाठवलं.

समारंभात डॉक्टरीणबाईंनी लेख मोठ्याने वाचला. 'फसफसते आहे'ला टाळ्या. मला स्टेजवर बोलावून फुलं दिली. समोर तिसऱ्या रांगेत तुमच्याच कंपनीतला एक जण बसला होता. दुसरीकडे नोकरी मिळाली म्हणून राहिलेला, नवी टाय, काळेभोर केस. कलपवाला तोच असावा. तोही हसत होता. कूपनातून सुटलेला माणूस कूपनवाल्यावर सगळ्यात मोठ्याने हसतो, हे मी आधीही पाहिलंय.

कासम महिन्याभरासाठी गावी निघालाय, हर्णैवरून जाणार आहे. त्याच्याबरोबर डबा देते आहे. तोच, माझ्या नावाचा. त्यात खजूर आहे, बदाम आहेत. मी सांदणं करून पाहिली होती पाठवायला. फुगली नाहीत. खमीर जुनं होतं, की पाणी जास्त गरम होतं, देव जाणे. तुला विचारायला हवं होतं.

खजुराच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद आहे. मंडळाच्या लेटरपॅडवर, शिक्क्यासकट. चिटणीसपद मी काल सोडलं. कागद परवाच्या तारखेचा आहे, म्हणजे तो अधिकृत आहे. त्यावर एवढंच:

'फहाहील येथील श्री. अकबर परकार यांच्या घरी आणलेले खमीर सांदणासाठी होते. ती सांदणे मी स्वतः खाल्ली आहेत. लीना मु. प्रभुदेसाई, चिटणीस.'

दोन ओळी. तू मागितल्यास तशाच. त्या मंदूबची केव्हाच बदली झाली, आणि अकबरभाईंची सही काही आता पुसली जायची नाही, तेव्हा ह्या कागदाचा उपयोग शून्य आहे, हे मला समजतं. उपयोग होता तेव्हा तो माझ्याकडे नव्हता असं म्हणणार होते. होता. वरच्या खणात होता.

डबा परत पाठवायची घाई नाही. तुझ्याकडे राहिला तर मला बरंच वाटेल.

लीना

•

अहमदी,
५ फेब्रुवारी २००५

रहिमा,

डबा पोचला.

कासमने काल गल्ल्यावर ठेवला, पिशवीत गुंडाळलेला. ह्या वेळी त्याने मला ताटकळत ठेवलं नाही. दुकानात गिऱ्हाईक असून मला आधी बोलावलं, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

मी विचारलं, कशी आहे रहिमा. म्हणाला, "बरी हाय. मशीन चालू हाय. अकबर बंदरावर मासली तोलतंय." फरहत? "फरहत शालेत इंग्लिश शिकवतंय, बारक्या पोरांना."

"कागद मिळाला का तिला?"

"मिलाला. वाचलान. दोनदा वाचलान." मग म्हणाला, "मशीनचा एक पाय हलत व्हता, बाय. त्याच्या खाली घातलान घडी करून."

"आणि खजूर?"

"मशिदीत दिलान."

मी त्याला आणखी विचारलं, काही म्हणाली का. त्याने बराच वेळ हातातलं सामान लावल्यासारखं केलं. शेवटी म्हणाला, "मला कायएक बोल्ली न्हाय. फरहतला बोल्ली, बायचा डबा घास, चांगला पूस, आन् दे."

पिशवी मी तिथे उघडली नाही. घरी आणली. डबा लखलखीत घासलेला आहे. माझं नाव कोरलेल्या खाचांमध्ये इतक्या वर्षांची काळी रेघ होती, तीसुद्धा राखेने काढली आहे. झाकण घट्ट बसवलेलं. आत ओल नाही, वास नाही.

मी आधी हात फिरवला. मग खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितलं. मग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, डबा उलटा केला, आणि बुडावर दोनदा थापटलं.

साखरेचा एक कण नाही.

लीना